उरलेल्या रंगाचं काय करायचं?

ताई, पहिली चूक सगळ्यांची तीच, उरलेला रंग बेसिनमध्ये ओततात, तसं नका करू. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, असेल तर डब्यात लाकडाचा भुसा नाहीतर वाळू मिसळा, झाकण काढून गॅलरीत मुलांपासून लांब ठेवा, काठीने टोचलं की टणक लागेपर्यंत सुकू द्या. २०१६च्या घनकचरा नियमांत रंगाचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, म्हणून घंटागाडीत ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळे द्या.

- ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन घट्ट झाकणात, गॅसपासून लांब. गाळ खाली बसला की वरचं परत ब्रश धुवायला चालतं.
- ब्लीच आणि टॉयलेटचं अॅसिड एकत्र ओतून संपवायचं तर अजिबात नाही, क्लोरीन वायू सुटतो. आमच्याकडे एकदा झालंय, डोळे चुरचुरायला लागले, खोकला थांबेना, दार उघडून सगळे बाहेर पळालो.
- उरलेलं रसायन पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका, मूळ डब्यातच राहू दे.