गो १.२२: नुसता कंपायलर बदलून लूप बदलत नाही

तुमचे प्रश्न दोन. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या १.२० आवृत्तीवरून १.२२ वर गेलो तर फॉर लूपच्या बदलाने चालू कोड फुटेल का, आणि एवढी खटपट करण्याजोगं त्यात आहे तरी काय.

नुसता नवा कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं टूल) टाकलात तर लूप होता तसाच चालतो. बदल लागू होतो तो गो डॉट मॉड या प्रत्येक मॉड्यूलच्या माहितीच्या फाइलमधली आवृत्तीची ओळ १.२२ केल्यावर, आणि तोही तेवढ्या मॉड्यूलपुरता. बाहेरच्या लायब्रऱ्या आपापल्या ओळीप्रमाणेच वागतात. म्हणून दोन्ही कामं एका दिवशी उरकू नका. आधी कंपायलर, आठवडाभर मुरू द्या, मग ओळ.

पूर्वी लूपचं व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असायचं. तीन नावांच्या यादीवर लूप फिरवून प्रत्येकासाठी गोरुटीन (बाजूने स्वतंत्र चालणारं काम) सोडलं, की बहुतेकदा तिन्ही गोरुटीनं शेवटचंच नाव छापायची. त्यावर तोडगा म्हणून लूपच्या आत पहिल्याच ओळीत ‘व्ही कोलन-इक्वल व्ही’, म्हणजे त्याच नावाची नवी प्रत, लिहायची आपल्याला सवय लागली. (नवीन पोरं विचारायची, स्वतःलाच स्वतः कशाला?) आता प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. जुनी ओळ राहिली तरी बिघडत नाही, सावकाश काढा. आणि ही काही फक्त नवशिक्यांची चूक नव्हे: २०२० मध्ये वेबसाइटना मोफत सुरक्षा सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टवर सुमारे ३० लाख सर्टिफिकेटं रद्द करायची पाळी आली, ती याच जातीच्या बगमुळे.

आता फुटण्याबद्दल. मूळ कोडपेक्षा टेस्ट फुटायची शक्यता जास्त. आमच्याकडे चार केसेसची एक टेबल टेस्ट (केसेसच्या यादीवर लूप फिरवणारी) होती, आत पॅरलल लावलेलं, म्हणजे केसेस एकाच वेळी चालणार. दोन वर्षं हिरवीगार. ओळ बदलली आणि दोन केसेस लाल. शिव्या अर्थातच नव्या आवृत्तीला पडल्या. बघितलं तर आजवर शेवटचीच केस चार वेळा तपासली जात होती. त्या दोन केसेस पहिल्यापासूनच चुकत होत्या. कोणत्या लूपमुळे फरक पडतोय हे सापडत नसेल तर गो टीमचं बायसेक्ट टूल वापरा, ते थेट फाइल आणि ओळ दाखवतं.

बाकी, लूपमधल्या रेंजला आता सरळ आकडा देता येतो, तेवढ्या फेऱ्या होतात. छान आहे, पण त्यासाठी कोणी अपग्रेड करणार नाही. मला खरा उपयोग झाला तो राउटिंगचा, म्हणजे वेबवरून आलेली कुठली विनंती कुठल्या फंक्शनकडे जायची ते ठरवण्याचा. स्टँडर्ड लायब्ररीच्या सर्व्हमक्स या राउटरमध्ये आता पॅटर्नमध्येच ‘गेट’, ‘पोस्ट’ लिहिता येतं, महिरपी कंसात आयडी घेता येतो. छोट्या सर्व्हिससाठी बाहेरचा राउटर लागत नाही.

फक्त हेसुद्धा त्याच ओळीवर अवलंबून आहे. कंपायलर १.२२ असूनही माझे सगळे नवे रूट ४०४ देत होते, ना एरर ना वॉर्निंग. पाऊण तास मी हँडलर उलटेपालटे करत बसलो. गो डॉट मॉड उघडली तर तिथे १.२१.