नायजेरियात 2023 ला अध्यक्षपदासाठी जेमतेम 27 टक्केच मतदान का झालं? लोकांना राजकारणात रस नाही का?

रस भरपूर आहे, आटला आहे तो विश्वास. निवडणूक आयोगाचेच आकडे बघा: नोंदणी सुमारे 9.35 कोटींची, विजयी बोला टिनुबूंना मतं साधारण 88 लाख. रस नसता तर 2020 मध्ये पोलिसांच्या 'सार्स' या दरोडाविरोधी पथकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरलेच नसते. प्रत्येक केंद्रावरच्या निकालपत्रकाचा फोटो लगेच ऑनलाइन दिसेल, असं आयोगाने सांगितलं होतं. ऐन अध्यक्षीय मतमोजणीत ते फोटो वेळेत चढलेच नाहीत. पण हे झालं मतदानानंतर. टक्का घसरत आला होता आधीपासूनच, 2019 लाही तो 35च्या आसपासच होता. त्यात नोटा बदलण्याच्या सरकारी घोळामुळे तेव्हा हातात रोकड नव्हती (नोटबंदी आठवली ना?), मतदानादिवशी वाहतूक बंद आणि नाव जिथे नोंदलं तिथेच मत. लागोस शहरात राहणाऱ्याचं नाव गावाकडे असेल तर तो जाणार कसा?

मात्र 27 हा आकडा शब्दशः घेऊ नका. तो काढलाय यादीतल्या एकूण नावांवर, पण लाखो मतदारकार्डं कुणी नेलीच नव्हती, आणि यादीत मृतांची नावंही राहतात.