कॅनडातील पॉवर इंजिनिअरिंग : प्रवेशापूर्वी स्टीम टाइमची चौकशी करा

इलेक्ट्रिकलची पदविका झाल्यावर अल्बर्टातील कॉलेजात पॉवर इंजिनिअरिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. आपल्याकडे या नावाने वीजनिर्मिती, पारेषण आणि सबस्टेशन डोळ्यांपुढे येतात. कॅनडात मात्र पॉवर इंजिनिअर म्हणजे बॉयलर, टर्बाइन, कॉम्प्रेसर आणि शीतकरण यंत्रणा चालवणारा परवानाधारक. ओंटारिओत त्यालाच ऑपरेटिंग इंजिनिअर म्हणतात. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत गेज ग्लासमधील (बॉयलरचे पाणी दाखवणाऱ्या काचनळीतील) पाण्याची पातळी, फीड वॉटरची म्हणजे बॉयलरला पुरवलेल्या पाण्याची प्रत आणि वाफेचा दाब सांभाळण्याचे हे काम असून प्रोफेशनल इंजिनिअर या व्यावसायिक उपाधीशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला रिले आणि ट्रान्सफॉर्मरमध्येच रस असेल, तर हा अभ्यासक्रम तुमच्यासाठी नाही.

कॅलगरीचे सेट (SAIT), एडमंटनचे नेट (NAIT) किंवा ब्रिटिश कोलंबियातील बीसीआयटी (BCIT) या तंत्रशिक्षण संस्था हे शिक्षण उत्तम देतात, परंतु कॉलेजची पदविका हातात आली म्हणजे बॉयलर चालवण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. तो अधिकार प्रांताचा असतो. अल्बर्टात परीक्षा व प्रमाणपत्रे अल्बर्टा बॉयलर्स सेफ्टी असोसिएशनकडे आहेत. प्रमाणपत्रांच्या चौथ्या वर्गापासून सर्वोच्च अशा पहिल्या वर्गापर्यंत चढत जावे लागते. चौथ्या वर्गाला दोन, तिसऱ्याला चार, दुसऱ्याला सहा आणि पहिल्याला आठ प्रश्नपत्रिका असून उत्तीर्ण होण्यास 65 टक्के गुण लागतात. अभ्यास केला तर त्या सुटतात. विद्यार्थी अडकतात ते दुसऱ्या अटीवर, म्हणजे प्रत्यक्ष चालू संयंत्रावर काढलेल्या महिन्यांवर, ज्याला तिथे स्टीम टाइम म्हणतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमामुळे हा काळ कमी होतो, पण किती कमी होतो आणि उरलेला काळ कॉलेजच्या स्वतःच्या बॉयलरवर मिळतो की तुम्हालाच संयंत्र शोधावे लागते, यावर सगळे अवलंबून आहे. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येते, आणि सलग पाळ्यांच्या संयंत्रात त्या मर्यादेत बसणारी नोकरी सहजी मिळत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी हा प्रश्न कॉलेजला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

मी सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरवर चार गाळप हंगाम काढून कॅलगरीला आलो. कारखान्याच्या पत्रात 'बॉयलर विभागात समाधानकारक काम केले' एवढेच होते; बॉयलरचा दाब, क्षमता, माझी नेमकी जबाबदारी आणि तारखा नव्हत्या, त्यामुळे ते पत्र मला कामी आले नाही. भारतातला अनुभव आपोआप धरला जात नाहीच, तरीही तुम्ही बॉयलरवर काम केले असेल, तर हे सर्व तपशील असलेले, सहीशिक्क्याचे पत्र निघण्याआधीच घ्या. महाराष्ट्राच्या बाष्पके संचालनालयाचे बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र असल्यास तेही सोबत ठेवा.

आता व्हिसासंबंधी. करिअर कॉलेज असे नाव लावणाऱ्या अनेक खासगी संस्था आहेत आणि त्यांतून शिकलेल्यांना शिक्षण पूर्ण झाल्यानंतरचा वर्क परमिट सहसा मिळत नाही. त्यामुळे संस्था सरकारी आहे याची खात्री आधी करा. अभ्यास परवान्यासाठी 1 नोव्हेंबर 2024 पासून अर्ज करणाऱ्या पदविका विद्यार्थ्यांना या वर्क परमिटसाठी अभ्यासक्रमाच्या विषयाचीही अट आहे. म्हणून एजंटाच्या शब्दावर न जाता कॉलेजकडून अभ्यासक्रमाचा संकेतांक (CIP कोड) घ्या आणि कॅनडा सरकारच्या पात्र विषयांच्या यादीत तो स्वतः पाहा. दोन वर्षांचा पात्र अभ्यासक्रम असेल तर तीन वर्षांचा परमिट मिळू शकतो, आणि राहिलेला स्टीम टाइम पुरा करायला तीच खरी मुदत असते.

कॉलेजचे उत्तर आले की ते इथे लिहा. त्यातले महिने अल्बर्टाच्या नियमांशी जुळतात का, हे मी तुमच्यासोबत बसून तपासून देईन.