व्हीट जर्म पोळीत घालू की केकमध्ये?

प्रश्न: ताई, मुलांच्या पोटात काहीतरी पौष्टिक जावं म्हणून मी कच्च्या व्हीट जर्मचं (गव्हाच्या दाण्यातला कोंबाचा भाग) पाकीट ऑनलाइन मागवलं. दोन वाट्या कणकेत अर्धी वाटी घालते पण पोळ्या लाटताना फाटतात, आणि आता तर मुलं म्हणतात कडवट लागतंय. पाकीट उघडून दीड-दोन महिने झाले, डबा गॅसशेजारच्या फळीवर असतो. भाजून घेतलं तर कडवटपणा जाईल का? केकमध्ये घातलं तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी तो डबा रिकामा करा, खरंच. कडवट झालेलं जर्म भाजून सुधारत नाही. गव्हाच्या दाण्यात जर्म जेमतेम अडीच-तीन टक्के असतं पण तेल त्यातच जास्त, साधारण १० टक्के, आणि ते तेल खवट करणारी एन्झाइम्सही त्यातच असतात, मग गॅसशेजारची ऊब मिळाली की काय होणार! मैदा करताना मोठ्या मिलमध्ये जर्म काढून टाकतात त्याचं एक कारण हेच, आणि गिरणीतून दळून आणलेलं पीठ मैद्याइतकं टिकत नाही तेही यामुळेच. पुढच्या वेळी छोटं पाकीट घ्या, आल्याआल्या जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवत भाजा, खमंग वास आला की लगेच ताटात पसरा (कढईत तसंच ठेवलं तर करपतं), पूर्ण गार झालं की घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. जास्त असेल तर फ्रीजर.

आता पोळी. तुम्ही गहू गिरणीतून दळून आणत असाल तर जर्म त्या कणकेत आहेच हो, वरून घालायची गरजच नाही. त्यात कच्च्या जर्ममध्ये ग्लुटाथायोन नावाचा घटक असतो, तो ग्लुटेन (कणकेला ताण देणारं गव्हातलं प्रोटीन) सैल करतो, म्हणून कणकेला ताण राहत नाही आणि पोळी फाटते. भाजल्यावर हा त्रास बराच कमी होतो.

माझं स्पष्ट मत, जर्म तिथे घाला जिथे मैदा आहे, कारण ते काढून घेतलंय ते मैद्यातूनच. केकला एक कप मैद्यातला दोन टेबलस्पून मैदा काढा आणि तेवढंच भाजलेलं जर्म घाला, केळ्याच्या केकमध्ये तर फारच छान लागतं. नानकटाईत पाव भाग मैदा कमी करून जर्म घातलं तरी चालतं, उलट जास्त खुसखुशीत होते, ग्लुटेनचं तिथे कामच नसतं. घरी पाव करत असाल तर मात्र हात आखडता घ्या, तीन कप मैद्याला तीन-चार टेबलस्पून बास, आणि दूध किंवा पाणी चमचा-दोन चमचे वाढवा कारण जर्म पाणी ओढून घेतं.

बाकी रोजच्यासाठी धिरड्याच्या पिठात, बेसनाच्या लाडवात (बेसन भाजून झाल्यावर शेवटी घाला), कटलेटला वरून ब्रेडक्रम्सच्या जागी, नाहीतर सरळ दह्यावर गूळ आणि भाजलेलं जर्म. दोन टेबलस्पूनमध्ये साधारण साडेतीन ग्रॅम प्रोटीन मिळतं, शिवाय व्हिटॅमिन ई, फोलेट, झिंक. मुलांना तेवढं पुरे, वाटीभर कशाला.

प्रश्न: माझ्या पुतणीला सीलिअ‍ॅक आहे (ग्लुटेन न चालणारा आजार), गहू पूर्ण बंद आहे. पण जर्म म्हणजे नुसता कोंबाचा भाग, तो तिला चालेल ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही, अजिबात देऊ नका. जर्म वेगळं काढताना त्याला बाकीच्या दाण्याचा भाग चिकटून येतोच, त्यामुळे ग्लुटेन असतंच. तिच्यासाठी तीळ किंवा जवस भाजून भरड करा, तांदळाच्या पिठाच्या धिरड्यात ही भरड मस्त लागते, फक्त गव्हासाठी वापरलेलं मिक्सरचं भांडं तिच्यासाठी घेऊ नका, वेगळंच ठेवा.