अकेशिया हे नाव मूळ आफ्रिकेतल्या झाडाचं, मग ते ऑस्ट्रेलियाला कसं गेलं? बाभळीचं नाव आता काय लिहायचं?

वॅकेलिया निलोटिका लिहा, बेधडक. हेच नाव लिहिलं म्हणून एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला माझे मार्क कापले गेले, त्यामुळे प्रश्न वाचून राहवलं नाही.

वनस्पतींच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या मेलबर्नच्या परिषदेला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. शेताच्या बांधावरची फांदी मी स्वतः तोडून आणलेली. जोडीजोडीने पांढरे काटे, मण्यांच्या माळेसारखी शेंग, नमुना दाबून वाळवायच्या प्रेसमधून काढल्यावरही तिच्यावरची राखाडी लव शाबूत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नमुना चिकटवलेली शीट पाहिली, लाल पेनाने लेबलावरचं नाव खोडलं आणि वर ‘अकेशिया’ लिहिलं. मी सांगायला लागले की सर, वंशाचा टाइपच, म्हणजे वंशाचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती जातच, बदललीय. “बाभूळ अकेशिया नाही, तर मग अकेशिया कोण?” झालं, विषय संपला.

खरं तर त्यांचा प्रश्न रास्तच होता. डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याने ‘अकाकिया’ म्हटलं ते इजिप्तमधल्या याच काटेरी झाडाला. १९१३ साली वंशाचा टाइप ठरली तीही हीच. म्हणजे अकेशिया वंश फोडून त्याचे अनेक वंश केल्यावर नाव आफ्रिकेकडे राहायला हवं होतं. पण मग ऑस्ट्रेलियातल्या नऊशेहून जास्त जातींची नावं बदलावी लागली असती. म्हणून २००३ मध्ये टाइपच बदलून तिथे ऑस्ट्रेलियाची अकेशिया पेनिनर्व्हिस बसवायचा प्रस्ताव आला. २००५ ला व्हिएन्नात ५४.९ टक्के मतं त्याच्या विरोधात पडली, पण प्रस्ताव मान्य करा ही समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के लागत होती. मेलबर्नने २०११ ला तेच कायम केलं. हा सरळसरळ अन्याय आहे. नाईलकाठच्या झाडाला आता चीनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या व्हॅशेल (Vachell, म्हणून Vachellia) नावाच्या इंग्रज पाद्र्याचं नाव!

वंश फोडणं मात्र चूक नव्हतं, हेही सांगते. तो एका कुळीचा, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्या सगळ्या जातींचा, नव्हताच. आपला खैर आणि सुदानचा डिंक देणारं झाड, दोन्ही सेनेगालिया या वेगळ्या वंशात गेली ती त्यामुळेच. आणि परीक्षेत लिहिणार असाल तर जुनं नाव समानार्थी म्हणून खाली द्या, मार्क वाचतील.

पण दुसऱ्याच्या लेबलावर खाडाखोड करू नका. मत वेगळं असेल तर शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, स्वतःचं नाव आणि तारीख घालून. टाइपच्या शीटवरसुद्धा असंच करतात. माझी ती शीट अजून आहे. लाल रेघेशेजारी माझी चिठ्ठी लावलीय, सही-तारखेसकट.