‘लेखी कळवलेल्या’ या दोन शब्दांवर आपले बिल अवलंबून आहे

प्रश्न : चाकणमधील एका कारखान्याच्या छताचे पत्रे बदलण्याचे काम मी २०२३ च्या करारानुसार करतो. जानेवारी २०२६ मध्ये पत्रा फुटून माझा एक कामगार खाली पडला व त्याचा पाय मोडला. ‘सुरक्षा कायद्यांचा भंग’ झाल्याचे कारण देऊन कंपनीने माझे ६ लाख ४० हजारांचे बिल अडवले आहे. करारात उल्लेखलेला कारखाने अधिनियम, १९४८ आता रद्द झाला असल्याने ते कलम निरर्थक ठरते ना? करार व नोटीस सोबत जोडली आहे. (एक कंत्राटदार, भोसरी)

उत्तर : ठरत नाही. कारखाने अधिनियमाच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यापासून अनेक कंत्राटदार हाच प्रश्न विचारत आहेत आणि त्यातील बहुतेकांनी करारातील व्याख्येचे कलम शेवटपर्यंत वाचलेले नसते. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम ८ नुसार, एखादी तरतूद रद्द होऊन पुन्हा अधिनियमित झाली, तर वेगळा हेतू दिसत नसल्यास करारातील जुन्या तरतुदीचा उल्लेख नव्या तरतुदीचाच मानला जातो. आपल्या करारात तर ‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’ असे शब्द आहेत. शिवाय संहितेतील ‘नियोक्ता’ या व्याख्येत कंत्राटदारही येतो, त्यामुळे हा मुद्दा ताणून धरल्यास तो आपल्यावरच उलटू शकतो.

खरा प्रश्न व्याख्येच्या शेवटच्या ओळीत आहे. सुरक्षा कायदे म्हणजे अधिनियम, त्याखालील नियम ‘आणि कंपनीने कंत्राटदारास लेखी कळवलेल्या सुरक्षा सूचना’, असे तेथे लिहिले आहे. कायदेमंडळाने न केलेली गोष्ट या ओळीमुळे करारापुरती कायदा ठरते. कंपनीची नोटीस पाहा : तिच्यात कायद्याचे एकही कलम नाही, कंपनीच्या २०२५ च्या सुधारित सुरक्षा पुस्तिकेतील दुहेरी लाईफलाईनची (कामगाराला दोन सुरक्षा दोर बांधण्याची) अट तेवढी आहे. याचे कारण उघड आहे. उंचीवरील कामाबाबत कारखाने अधिनियमाचे कलम ३२ व्यवहार्य असेल तेथवरच उपाय योजायला सांगत होते आणि त्या कायद्याखालील मुख्य जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे कंपनीच्याच बाजूवर होती. पुस्तिकेतील अट मात्र बिनशर्त आहे आणि ती एकट्या कंत्राटदारावर टाकलेली आहे.

म्हणून ही सुधारित पुस्तिका अपघातापूर्वी आपल्याला लेखी कळवली होती का, एवढ्यावरच सारे ठरेल. कळवली नसेल, तर ती ‘सुरक्षा कायद्यां’त मोडत नाही आणि नोटिशीचा आधारच जातो. परंतु आपला सुपरवायझर रोज वर्क परमिटवर (काम सुरू करण्याच्या परवान्यावर) सही करत होता व त्याची एकही प्रत आपण ठेवली नाही, असे आपणच पुढे लिहिले आहे. त्या परमिटच्या मागे पुस्तिकेचा उल्लेख छापलेला असेल, तर ती सही म्हणजेच लेखी सूचना, असे कंपनी म्हणेल. तीन वर्षे दुसऱ्याच्या कागदावर सह्या करून स्वतःकडे एकही कागद न ठेवणे हा निष्काळजीपणा आहे आणि तो आता महागात पडू शकतो.

याच आठवड्यात नोंदणीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलने कंपनीकडे सर्व परमिट, प्रशिक्षणाच्या हजेरीचे रजिस्टर व पुस्तिका पाठवल्याची पोच मागा. आपला स्वतःचा ईमेलही तपासा. थेट पुण्यातील शिवाजीनगरच्या न्यायालयात दावा दाखल करून तारखांची वाट पाहत बसलात, तर हे कागद न्यायालयासमोर येईपर्यंत वर्षे जातील आणि तोवर ते जागेवर राहतील याची खात्री नाही. बिलातून किती रक्कम कापता येते, हे कंपनीचे प्रत्यक्ष नुकसान किती झाले यावरही अवलंबून राहील. ते हिशेब पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

जखमी कामगाराची भरपाई मात्र या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबवू नका. त्याचा हक्क आपल्या आणि कंपनीच्या करारातील कोणत्याही व्याख्येवर अवलंबून नाही.