नकाशाचं अ‍ॅप फुकट मिळतं, मग मोठ्या कंपन्या त्यासाठी एवढ्या का झगडतात?

कारण लोक कुठे जातात, काय शोधतात, हे नकाशावाल्या कंपनीला आपोआप कळतं. रस्त्यावरचे फोन किती वेगाने सरकतायत त्यावरूनच ट्रॅफिकचा लाल-हिरवा रंग ठरतो. जितके जास्त वापरणारे, तितका नकाशा अचूक. मागून येणाऱ्याला ही दरी भरून काढणं फार जड जातं.

अ‍ॅपलचंच बघा. २००७च्या पहिल्या आयफोनमध्ये नकाशे गूगलचे होते. २००९मध्ये गूगलने वळणावळणाला बोलून वाट दाखवणारी सोय अँड्रॉइडवर फुकट आणली, आयफोनवर नाही. शेवटी सप्टेंबर २०१२मध्ये अ‍ॅपलने स्वतःचे नकाशे काढले. त्यात इतक्या चुका होत्या की कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर माफी मागितली आणि तोवर दुसऱ्यांचे, अगदी गूगलचेही नकाशे वापरा असं सुचवलं! माझ्या मते तरीही निर्णय बरोबर होता. प्रतिस्पर्ध्याच्या नकाशावर किती दिवस विसंबणार?

२०१३मध्ये गूगलने वेझ हे रस्ता दाखवणारं अ‍ॅपही विकत घेतलं, आणि ते मला अजून खटकतं. एक चांगला पर्याय त्यांच्याच घरात गेला.

२०२२मध्ये मेटा, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन आणि नकाशे बनवणारी टॉमटॉम यांनी ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन सुरू केलं. तिथला कुणालाही वापरता येणारा नकाशांचा खुला डेटा घेऊन छोट्या कंपन्याही स्वतःचं अ‍ॅप उभारू शकतात.